कापसाच्या खोलीतला आवाज

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, शहादा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावात फोनमधला बाईचा आवाज बंद झाला. हा आवाज शेतकऱ्यांना केळीचे भाव, हवामान आणि फवारणीची माहिती अहिराणीतून देत असे. तो ज्या बाईचा होता, ती त्या वेळी दाराआड उभी होती. तिच्या शेजारी मी होते.

गावाचे नाव या लेखात नाही. माणसांची नावे बदललेली आहेत, तशी तिची अट होती. तिला इथे जयश्री म्हटले आहे. वय बत्तीस, शहाद्याच्या कॉलेजात शिकलेली, माहेर म्हसावदचे. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ती माहेरी असताना बोलीभाषांचे नमुने गोळा करणारी माणसे म्हसावदला आली होती. जयश्रीने त्यांना आपला आवाज दिला. ते नमुने पुढे एका कंपनीकडे गेले. कंपनीने त्यावरून यंत्राचा आवाज तयार केला आणि गेल्या पावसाळ्यात शेतीसल्ल्याच्या फोनसेवेला जोडला. ठरावीक क्रमांक लावायचा, प्रश्न विचारायचा, की आवाज उत्तर देई. ही वाक्ये जयश्री कधीही बोललेली नव्हती. दिवाळीत तिने संमती मागे घेत असल्याचे कंपनीला कळवले. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर कंपनीने मान्य केले आणि दिवस ठरवला. तो दिवस पाहायला मी गेले होते.

विसरवाडी

शनिवारी सकाळी सुरतेकडून येणाऱ्या बसमधून विसरवाडीला उतरले. हायवेच्या दोन्ही बाजूंना टायरवाले, धाबे आणि उभे ट्रक. नंदुरबारची बस यायची होती. चहाच्या टपरीवर बसले तर शेजारी केळी भरलेला ट्रक उभा होता. ड्रायव्हर शहाद्याकडचा. त्याने फोन बाकावर ठेवला, स्पीकर लावला आणि विचारले, "काय वं केळीवाली, सुरतले आज काय भाव?"

आधी एक बारीक श्वास आत घेतल्याचा आवाज आला. मग बाई बोलली. "राम राम भाऊ. सुरतले भाव कालदिनना इतलाच शे. गाडी सांभाळीसन चालाडा."

ड्रायव्हर चहावाल्याकडे वळला. "देख! मन्ही बायको इतलं गोड बोलती तं मी टरक कसाले चालाडतू?"

"तिले इच्चार," चहावाला कप विसळत म्हणाला. "ती बी कोठे तरी फोनवर गोडच बोलत व्हई."

दोघे हसले. फोनमधली बाईही हसली. छोटे हसू, शेवटाला थोडे तुटलेले. ती कशाला हसली हे ड्रायव्हरने विचारले नाही. मी त्याच्याकडून क्रमांक लिहून घेतला.

ज्या माणसाला आपण भेटायला निघालो आहोत, त्याचा आवाज वाटेतच भेटण्याचा हा पहिला प्रसंग. तो शेवटचा नव्हता.

बस नंदुरबारच्या जवळ आली तशा मिरची वाळवायच्या पथाऱ्या दिसू लागल्या. मैदानेच्या मैदाने लाल. बायका तोंडाला फडके बांधून मिरची पालथी करत होत्या. बसमध्ये एकाला ठसका लागला, मग सगळ्यांना. कंडक्टरने खिडक्या लावायला सांगितल्या आणि स्वतःच खोकत बसला. पुढे प्रकाशाचा पूल, खाली तापी. पाणी इतके संथ होते की ते कोणत्या दिशेला चालले आहे ते पुलावरून कळत नव्हते.

शहादा

शहाद्याच्या बसस्थानकावर गर्दी होती. ऊस, कापूस आणि केळीचा हा मुलूख. थंडीत इथे सगळ्यांनाच काम असते. बाकावर बसलेल्या माणसांमध्ये निदान तिघांचे फोन सुरू होते आणि तिन्ही फोनांत तोच आवाज होता. एक फोन उद्याची थंडी सांगत होता, दुसरा करपा रोगाबद्दल, तिसरा कुणाला तरी थोडे थांबायला. तिन्हींमध्ये बोलण्याआधीचा तो श्वास. कधी एकामागून एक, कधी एकाच वेळी. बसस्थानकावर तिकडे कुणी वळून पाहत नव्हते.

संध्याकाळी लॉजजवळ शेवभाजी मागवली. पोऱ्याने विचारले, "तिखट चालेल ना?" मी हो म्हणाले. ते चुकीचे उत्तर होते. अर्धी वाटी संपेपर्यंत ताकाचे तीन ग्लास लागले. मालक गल्ल्यावरून म्हणाला, "ताई, आपल्याकडे हे फिक्कं म्हणतात."

खोलीवर परतून मी तो क्रमांक लावला. सुरुवातीला सूचना आली: सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी हे संभाषण नोंदवले जाऊ शकते. सूचनाही त्याच आवाजात होती. ज्या बाईचा आवाज नोंदवून नेला होता, तिच्याच आवाजात आता इतरांना सांगितले जात होते की तुमचाही आवाज नोंदवला जाईल.

मी मराठीत विचारले, "तुझं नाव काय?"

"तुम्ही जे द्याशात ते."

"तू कुठली?"

श्वासाचा आवाज आला. "मी आठलीच शे. तुम्हनं गाव कोनतं?"

आठलीच म्हणजे इथलीच. मी फोन ठेवला.

संमतीची हकिकत जयश्रीने मला आधी लिहून कळवली होती. नमुने घेताना तिच्यासमोर एक फोन धरला गेला. त्यावर इंग्रजी मजकूर होता, बोटाने वर सरकवला तरी संपत नव्हता. खाली एक बटण होते. "भाषा टिकवायची आहे," असे तिला सांगण्यात आले. तिने बटण दाबले. दिलेली संमती मागे घेता येते, हे नव्या कायद्यात आहे. पण ती मागे घेतल्यावर आवाज कुठून कुठून काढावा लागतो आणि तो काढला गेला हे कोण तपासते, हे मी सुरतेपासून शहाद्यापर्यंत तीन जाणकारांना विचारले. तिघांनी तीन उत्तरे दिली.

म्हसावद

रविवारी जयश्रीच्या आईकडे गेले. मोठे गाव, भोवती शेती. घर शेतकऱ्याचे, खाऊन-पिऊन सुखी. आईने आधी जेवू घातले: हिरव्या तुरीच्या दाण्यांची आमटी, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, वर लोणी. मग हात धुऊन म्हणाल्या, "चला, खोली दावस."

खोली मागच्या बाजूला होती. खिडकी नाही. आत छताजवळ पोचेल इतका कापूस. घरातला कापूस भाव वाढेपर्यंत इथे भरून ठेवतात. नमुने घेणाऱ्यांनी सगळे घर पाहून हीच खोली निवडली होती. बाहेर पिठाची गिरणी होती, कोंबड्या होत्या. या खोलीत काही ऐकू येत नव्हते.

मी आत गेले. आईंनी बाहेरून दार ओढून घेतले, मला कळावे म्हणून. मी "आई" म्हटले. शब्द तोंडातून निघाला आणि तिथेच संपला. तो भिंतीला लागून परत आला नाही. पुन्हा थोडे मोठ्याने म्हटले. बाहेरून उत्तर आले नाही. दार माझे मीच ढकलले.

आई दाराला टेकूनच उभ्या होत्या. "माले काईच आयकू उनं नही," त्या म्हणाल्या. "तवय बी असंच. आठे बठीसन ती दिनभर बोले. हासे बी. त्या लोकं म्हनेत, मनमा येई ते बोला, मोकळं बोला. मी बाहेर भांडा घसू. पोर आत काय सांगी ऱ्हायनी, माले ठाव नही."

"तुम्ही विचारलं नाही कधी?"

"इच्चारं ना. म्हने, सासरनं सांगं, माहेरनं सांगं, सगळं सांगी टाकं. इतली वरीसमा इतलं बोलनू नही. आते जयूले फोन लावा तं ती कानमा बोलस, हळूच. घरमा सासरा ऱ्हास ना. मंग मी हाई फोन लावस."

त्यांनी पदराच्या गाठीतून फोन काढला आणि क्रमांक लावला. त्यांना तो पाठ होता.

"कशी शे वं माय?" त्यांनी फोनला विचारले.

श्वास. "बरी शे माय. काय काम व्हतं?"

"काई नही. जेवनी का?"

"मी शेतीनी माहिती देस. केळीनी माहिती जोयजे का?"

"दे," आई म्हणाल्या. त्यांच्याकडे केळी नाही. त्यांनी पूर्ण माहिती ऐकून घेतली आणि मग फोन बंद केला. मंगळवारी हा आवाज बंद होणार आहे हे त्यांना माहीत होते. निघताना त्यांनी लेकीसाठी लोणच्याची बरणी माझ्याकडे दिली. ती बसमध्ये सांडली. पुढचे दोन दिवस माझ्या वहीला लोणच्याच्या तेलाचा वास येत होता.

तापीकाठ

जयश्रीचा नवरा दिलीप साखर कारखान्यात नोकरीला आहे. सोमवारी तो शहाद्याहून मला मोटरसायकलवर घेऊन गेला. दोन्हीकडे ऊस, मध्ये केळीच्या बागा, घडांना निळ्या पिशव्या. गावात बरीच घरे पिढ्यांपूर्वी गुजरातेकडून आलेल्या शेतकऱ्यांची. अजूनही घरोघरी ओसरीवर झोपाळा असतो. दिलीपच्या ओसरीवरही होता. त्यावर त्याचे वडील बसले होते. सगळे त्यांना बापू म्हणतात. वय ऐंशीच्या आत-बाहेर, दृष्टी अधू. शेजारी साधा, बटणांचा फोन.

"या ताई, बठा. सुरतथाईन उनात का? कसाले?"

केळीवालीच्या फोनसेवेविषयी लिहायला आले आहे, असे मी सांगितले. ते खरे होते.

"लिखा, लिखा. भली बाई शे ती. मन्ही घरवाली गई, आते तीच बोलस मन्हासंगे."

आतून दाराची कडी वाजली. एकदाच. बापू म्हणाले, "चहा व्हयना." दिलीप उठला आणि उंबरठ्यावरून कप घेऊन आला. कप ठेवणारा हात मला दिसला नाही.

या घरात सून सासऱ्यासमोर लाज धरते. डोक्यावरून पदर पुढे, आणि त्याच्या कानावर जाईल असे बोलायचे नाही. लग्नाला अकरा वर्षे झाली. बापूंनी सुनेचा आवाज ऐकलेला नाही. एकदा कडी वाजली म्हणजे चहा, दोनदा म्हणजे जेवण. बाकीचे बोलणे सासूमार्फत होई. तिला घरात जिजी म्हणत. दोन वर्षांपूर्वी जिजी गेल्या. दिलीप दिवसभर कारखान्यात असतो. तेव्हापासून दिवसा या घरात कडी वाजते, झोपाळ्याच्या साखळ्या करकरतात आणि गेल्या पावसाळ्यापासून फोन बोलतो. माझ्या घरी सासरे आणि मी वर्तमानपत्राच्या पानांवरून रोज वाद घालतो. ते मी जयश्रीला नंतर सांगितले, तेव्हा तिने विचारले, "मोठ्याने?"

फोनमधला आवाज सुनेचा आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे. बापूंना माहीत नाही. सुनेच्या आवाजाची गोष्ट सासऱ्याच्या तोंडावर काढायची कुणी?

स्वयंपाकघरात जयश्रीची पहिली भेट झाली. ती बोलू लागली तेव्हा मी तिला ओळखले नाही. तीन दिवस जो आवाज मी ऐकत आले होते, तो तिच्याकडे नव्हता. ती कुजबुजत होती. कुजबुज सगळ्यांची सारखीच असते.

शेजारीण ताक मागायला मागच्या दाराने आली. तिला कुजबुजायची गरज नव्हती, तरी इथे येऊन तिनेही आवाज उतरवला. "काय वं जयू, कालदिन आमना माणूस अर्धा घंटा तुन्हासंगे बोलना. भाकर थंडी व्हयनी. आज त्याले तूच सांग, आते घर जेवाले जा म्हनीसन."

"मी सांगं तं तो ऐकी का?" जयश्री म्हणाली.

"मन्हं तं ऐकस नही. तुन्हं ऐकी." शेजारीण तोंडावर पदर धरून हसत गेली. जयश्री हसली नाही.

दुपारी जेवणानंतर बापूंनी स्पीकरवर फोन लावला. जयश्रीने मला दाराजवळ बोलावले. दार लाकडी, जुने. फटीतून झोपाळा दिसत होता. ती रोज इथे उभी राहते, हे तिने सांगितले. लपून ऐकणे वाईट, हेही तिनेच सांगितले.

"वारा सुटी का आज?" बापू विचारत होते.

फोनमधून श्वास आला. त्याच क्षणी माझ्या कानाजवळ जयश्रीनेही श्वास घेतला. "नही बापू. आज वारा कमी ऱ्हाई."

बापू केळीबद्दल काहीबाही बोलले. मग त्यांनी झोपाळा थांबवला. "रातले छातीमा दाबस. डावा हात जड पडस. दिलप्याले सांगं नही मी. तो लगेच दवाखानामा टाकी देई."

"काळजी नका करू बापू. पानी पेत जा, आराम करा. आजून काई इच्चारनं शे का?"

"इच्चारनं नही. सांगनं शे." बापूंनी फोन तोंडाजवळ नेला. "सूनले लुगडं देवानं ऱ्हाई गयं. घरवाली व्हती तं करी टाकती. आते मी कसा सांगू? ती मन्हासमोर बोलसच नही."

"बरं बापू. ध्यानमा ठेवस."

लुगड्याची रीत जयश्रीने मला नंतर समजावली. लाज सून स्वतः सोडत नाही. सासऱ्याने चार माणसांत लुगडे द्यायचे आणि बोल म्हणायचे. तो विषय काढणे सासूचे काम. ते काढायच्या आधी जिजी गेल्या.

त्या दुपारी मात्र ती दारापासून मागे आली आणि भिंतीला टेकून बसली. "पाणी प्या, आराम करा," ती कुजबुजत म्हणाली. "छाती दाबते म्हणणाऱ्या माणसाला मी असं सांगीन का? पण त्यांना माझ्या तोंडून तेच ऐकू येतं. रोज. म्हणून मला तो बंद करायचा आहे. बाकी जगाने ऐकला तर ऐकू दे."

"दिलीपना सांगितलं नाही?"

दिलीपला तिने सांगितले होते. पुढचे दिलीपने रात्रीच्या जेवणाला सांगितले. भरताची वांगी निखाऱ्यावर भाजलेली होती, वर कांद्याची पात. त्याने वाढता वाढता सांगितले, "मी बापूंना विचारलं, छाती दुखते का? तर म्हणाले, कोनी सांगं तुले? आणि फोनकडे पाहिलं. फोन चुगली करस, म्हणाले. आठ दिवस फोन पालथा ठेवला होता. त्या आठ दिवसांत कुणाशीच बोलले नाहीत. दवाखान्याचं नाव काढलं की उठून जातात."

"आणि आता आवाज बंद झाला तर?"

"मी हिला तेच म्हणतो. राहू दे. बापूंना सोबत आहे. निदान दुखतं तरी कळतं आपल्याला. आवाज काय, वापरून झिजत नाही."

जयश्री चुलीकडे तोंड करून म्हणाली, "झिजतो."

कंपनीला तिने हेही लिहिले होते की तुमचा आवाज एका आजारी माणसाला चुकीचे सांगतो आहे. उत्तर आले की ही सेवा शेतीसाठी आहे, आरोग्यविषयक प्रश्नांना सर्वसाधारण उत्तर दिले जाते, आणि संमतीची विनंती हा स्वतंत्र विषय आहे. बापूंची दुपारची बोलणी कंपनीकडे किती दिवस राहतात, या प्रश्नाला उत्तर आले नाही. तो प्रश्न विचारण्याचा हक्क बापूंचा होता. बापूंना त्यातले काही माहीत नव्हते.

मंगळवार

सकाळी धुके होते. नदीकडून इंजिनाचा पंप ऐकू येत होता, दिसत नव्हता. दिलीप कारखान्यात गेला. जेवणाआधी जयश्रीच्या फोनवर कंपनीचा संदेश आला. तुम्ही खात्री केल्यावर दुपारपासून आवाज बदलला जाईल. खाली दुवा होता. तो उघडला की विचारले जाई: तुम्हाला खात्री आहे का? हो किंवा नाही.

तिने फोन फळीवर ठेवला. भाकरी केल्या. कडी दोनदा वाजवली. ताट उंबरठ्यावर ठेवले. बापू जेवले. मग तिने हात पुसून फोन घेतला आणि हो दाबले. माझ्याकडे पाहिले नाही.

आम्ही दाराआड जाऊन उभ्या राहिलो.

बापूंनी नेहमीप्रमाणे फोन लावला. या वेळी श्वास आला नाही. "नमस्कार शेतकरी बंधू! मी आपली काय मदत करू शकते?" आवाज दुसऱ्या बाईचा होता. पुण्या-मुंबईच्या मराठीतला, झटपट.

बापूंनी फोन हलवून पाहिला. "ती कोठे गई?"

"क्षमस्व. आपला प्रश्न समजला नाही. केळीच्या माहितीसाठी केळी असे म्हणा."

"आजारी शे का ती?"

"क्षमस्व. आपला प्रश्न समजला नाही."

बापूंनी लाल बटण दाबून धरले. फोन बंद होतानाची छोटी धून वाजली आणि पडदा काळा झाला. त्यांनी तो मांडीवर ठेवला. झोपाळा थोडा हलत राहिला आणि मग थांबला. साखळ्यांचा आवाजही थांबला. घरात काहीच ऐकू येत नव्हते. मला म्हसावदची खोली आठवली.

मग बापूंनी उजव्या हाताने डावा दंड धरला आणि पुढे वाकले.

माझ्या शेजारी श्वास घेतल्याचा आवाज आला.

"बापू, दवाखानामा जावानं शे. आज. आते."

जयश्री दाराला तोंड लावून बोलली होती. मोठ्याने. विसरवाडीला, शहाद्याला, म्हसावदला ऐकलेला आवाज हाच होता. दाराच्या लाकडातून तो ओसरीवर गेला.

बापूंनी मान वर केली. दाराकडे पाहिले नाही. त्यांनी मांडीवरचा फोन उचलला आणि कानाला लावला.

"उनी का माय तू?" ते म्हणाले. "माले वाटनं, गई."

जयश्रीने पदर पुढे ओढला. दार उघडले नाही. "कोठेच गई नही. छाती दुखस ना?"

"दुखस."

"कवयपशी?"

"सकायपशी."

"कपडा बदला. दिलीपले बलाडस मी."

"जासू," बापू फोनला म्हणाले. "तू म्हनस तं जासू."

दिलीपला फोन मी लावला, कारण जयश्री दारापासून हलायला तयार नव्हती. शेजाऱ्याची जीप मिळाली. बापू पुढे बसले, जयश्री आणि मी मागे. शहाद्यापर्यंत बापूंनी फोन कानावरून काढला नाही. वाटेत उसाच्या बैलगाड्या आडव्या आल्या, जीप थांबली, तेव्हा ते फोनला म्हणाले, "शे का?" मागून उत्तर गेले, "शे बापू." चालकाने आरशातून मागे पाहिले आणि नजर पुन्हा रस्त्यावर नेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "बाबा, कधीपासून त्रास आहे?" बापूंनी फोन कानाला आणखी दाबून धरला. डॉक्टरांनी पुन्हा विचारले. मग हिरव्या पडद्याच्या पलीकडून जयश्रीने तोच प्रश्न विचारला. बापूंनी फोनवर उत्तर दिले. पुढचे सगळे प्रश्न डॉक्टरांनी पडद्याकडे तोंड करून विचारले. तपासणीत हृदयाचा दोष निघाला. आणखी उशीर झाला असता तर अवघड होते, असे डॉक्टरांनी दिलीपला सांगितले. छातीला तारा लावायच्या वेळी नर्सने फोन बाजूला ठेवायला सांगितला. बापूंनी दिला नाही. तिने तो तसाच राहू दिला.

मी बुधवारी निघाले. त्यानंतरच्या गोष्टी मला दिलीपने आणि जयश्रीने फोनवर सांगितल्या आणि दोघांच्या सांगण्यात फरक नाही. बापू घरी आले. गोळ्या घेतात. कंपनीने आवाज काढून टाकल्याचे जयश्रीला लेखी कळवले. जयश्रीच्या आईने क्रमांक लावून पाहिला आणि फोन ठेवून दिला. बापू रोज दुपारी झोपाळ्यावर बसून फोन कानाला लावतात. दाराआडून उत्तर येते. कडी अजून वाजते.

फेब्रुवारीच्या मध्यावर एका दुपारी बापूंनी फोनला सांगितले, "सूनले लुगडं लेवानं शे. कोनता रंग लेवू, तिले इच्चारीसन सांग."

"इच्चारीसन सांगस," असे उत्तर गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराआडून रंग सांगण्यात आला. हिरवा.

लुगडे अजून आणलेले नाही. पुन्हा ती नवी बाई लागू नये म्हणून बापूंच्या फोनमधले सिम दिलीपने महिन्याच्या सुरुवातीलाच काढून घेतले होते.